मंदा भुवड सही करत नाही

मंदा भुवडने सही करायला नकार दिला ती २००९ सालच्या ऑगस्टमधली गोष्ट. नकार द्यायची तिची ती काही पहिली वेळ नव्हती.

ती मूळची गुहागरकडची. लग्न करून लालबागच्या एका खोलीत आली आणि मुलं मोठी व्हायला लागल्यावर नवऱ्याबरोबर, हरिश्चंद्रबरोबर, भाईंदरला इंद्रलोकमध्ये राहायला आली. बारावी सायन्सपर्यंत शिकली होती, पुढचं राहून गेलं. शहरातल्या एका औषध कंपनीत तिला काचेची भांडी धुवायचं काम मिळालं. तिथे एकदा केमिस्टने तिला सॉल्व्हंटचा कॅन मोरीत ओतून यायला सांगितलं. ती म्हणाली, "मोरीचं पाणी मागच्या नाल्यात जातं. नाल्याच्या कडेला माणसं राहतात." केमिस्ट म्हणाला, "तू ओत." तिने कॅन उचलला आणि मॅनेजरच्या केबिनच्या दारात जाऊन उभी राहिली. जेवणाची सुट्टी झाली, संपली, तरी बाई जागची हलेना. शेवटी कॅन टाकाऊ रसायनांच्या ड्रममध्ये रिकामा झाला आणि मंदाची बदली मागच्या इमारतीत झाली.

मागच्या इमारतीत पेप्टाइड बनवण्याची छोटी लॅब होती. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक साखळी, आणि पेप्टाइड म्हणजे तशीच, पण दहा-वीस कड्यांची छोटी साखळी. ती हाताने बनवायची तर एकेक कडी जोडत जावं लागतं. प्रत्येक कडीनंतर धुवायचं, तपासायचं, मग पुढची. साखळी प्लास्टिकच्या बारीक मण्यांवर वाढत जाते; तपासायला त्यातले दोन-चार मणी काढून रसायनात गरम करायचे. मणी निळे झाले तर कडी नीट जोडली गेली नाही, पिवळट राहिले तर जोडली गेली. काम कंटाळवाणं, वास डोकं उठवणारा. तिथे हाताखाली कुणी टिकत नसे. मंदा टिकली. तिथला केमिस्ट शशिकांत प्रधान तिला शिकवत गेला, आणि कंपनी बंद पडल्यावर त्याने भाईंदर पूर्वेला स्वतःचा गाळा घेतला तेव्हा पहिला फोन तिलाच केला.

गाळा स्टीलची भांडी पॉलिश करणाऱ्या दोन कारखान्यांच्या मधोमध होता. दोन्हीकडून दिवसभर घरघर यायची. आत मात्र एसी, पांढऱ्या टाइल्स आणि पडद्याआड मंदा. अशी चौदा वर्षं तिने पेप्टाइडं बनवली होती. कॉलेजांना, औषध कंपन्यांना, संशोधन संस्थांना ती जायची. बाटलीसोबत जो कागद जायचा त्याच्यावर 'बनवणार' या रकान्यात प्रधानांचं नाव असायचं. त्यांची एमएस्सी होती.

त्या वर्षी मे महिन्यात ठाण्याच्या वाटेवरच्या एका संशोधन संस्थेकडून वेगळीच ऑर्डर आली. पाठवणाऱ्या होत्या डॉ. मृणालिनी सरदेशमुख. त्यांना सतरा कड्यांची साखळी हवी होती आणि तिच्या टोकाला चमकणारा रंग. सोबत मोठी ईमेल होती. प्रधानांनी ती छापून मंदापुढे ठेवली.

"हे बघा मंदाताई. बाई म्हणतायत, साखळी सैल धरणारी हवी."

"सैल म्हणजे?"

प्रधानांनी समजावून सांगितलं. आपल्या पेशीत ॲक्टिन नावाच्या प्रोटीनचे धागे असतात. त्यांच्यामुळे पेशीला आकार येतो. ते धागे इतके बारीक आणि इतके जवळजवळ असतात की चांगल्यातल्या चांगल्या मायक्रोस्कोपखालीही सगळे मिळून एकच धूसर पट्टा दिसतो. भिंग कितीही सुधारलं तरी उपयोग नाही, कारण अडचण प्रकाशाचीच आहे. दोन ठिपके फार जवळ असले की त्यांचा उजेड एकमेकांत मिसळतो. त्यावर तीनेक वर्षांपूर्वी परदेशात एक युक्ती निघाली होती. सगळे ठिपके एकदम पेटवायचेच नाहीत. रंग लावलेली साखळी येते, धाग्यावर क्षणभर बसते, चमकते, निघून जाते. मग दुसरी दुसरीकडे बसते. कॅमेरा हजारो फोटो काढतो, कॉम्प्युटर प्रत्येक ठिपक्याचा नेमका मध्य टिपतो, आणि सगळे मध्य एकत्र मांडले की धागे वेगवेगळे दिसतात.

"म्हणून ती चिकटून बसायला नको," प्रधान म्हणाले. "बसली आणि उठली पाहिजे."

मंदाने ईमेलमधलं ते वाक्य स्वतःच्या वहीत मराठीत उतरवून घेतलं: घट्ट नको, क्षणभर धरून सोडणारी हवी.

साखळी तिने जूनभर बनवली. रंग जोडला, मोकळा राहिलेला रंग एचपीएलसी मशीनवर वेगळा काढला, माल सुकवला. गुलाबी कापसासारखा पदार्थ हाती आला. उजेडाने रंग मरतो म्हणून प्रत्येक बाटली तिने चंदेरी कागदात गुंडाळली. बॅचचा क्रमांक एकोणतीस. बॅच जुलैत गेली आणि ऑगस्टमध्ये पत्र आलं.

पत्र संस्थेच्या लेटरहेडवर होतं, खाली सही डॉ. मृणालिनींच्या हाताखालच्या संशोधकाची, नीरज कर्णिक. मजकूर असा, की आपण पाठवलेल्या पेप्टाइडने पेशीतलं काहीही रंगत नाही, सगळीकडे नुसता फिकट धूर दिसतो. याचा अर्थ मालात मोकळा रंग राहिला आहे आणि साखळी खराब झाली आहे. लेखी खुलासा करावा, अन्यथा पुरवठादारांच्या यादीतून आपलं नाव काढण्यात येईल. सोबत त्यांनी प्रयोग कसा केला त्याचं एक पान जोडलं होतं.

शुक्रवारी दुपारी प्रधानांनी मंदाला टेबलापाशी बोलावलं. खुलासा त्यांनी आधीच टाइप करून ठेवला होता. 'आमच्या ऑपरेटरच्या हलगर्जीपणामुळे सदर बॅचमध्ये दोष राहिला.' खाली दोन जागा होत्या, एक प्रधानांची, एक ऑपरेटरची.

"सही करा. आपण बॅच बदलून देऊ, विषय संपला."

मंदाने कागद वाचला. "हलगर्जीपणा कुठे झाला?"

"अहो, झालाच असं नाही म्हणत मी. लिहावं लागतं."

"झाला नसेल तर का लिहायचं?"

"मंदाताई, ते पीएचडी झालेले लोक आहेत. त्यांच्याशी वाद घालायचा का आपण?"

"तपासून बघू आधी. माझी चूक निघाली तर सही करते. मोठ्या अक्षरात करते."

प्रत्येक बॅचमधली एक बाटली गाळ्यातच फ्रीजरमध्ये ठेवायची पद्धत होती. मंदाने एकोणतीसची बाटली काढली, चिमूटभर माल विरघळवला आणि मशीनमध्ये घातला. त्या साखळीतली एक कडी हवेने बिघडू शकते, हे तिला ठाऊक होतं. दोन मिनिटं बाटली उघडी राहिली असेल तर? अर्ध्या तासाने आलेख आला. एकच उंच सुळका, त्याच्या पायाशी बिघडलेल्या साखळीचा एवढासा उंचवटा, शंभरात दोन-तीन असेल. मोकळा रंग जिथे दिसायला हवा तिथे सरळ रेघ.

तिने आलेख प्रधानांपुढे ठेवला.

प्रधानांनी चष्मा वर करून बघितलं. आलेख परत सरकवला. मग म्हणाले, "माल चांगला आहे, मान्य. पण त्यांच्याकडे चालला नाही ना? आलेख दाखवून आपण काय सिद्ध करणार? सोमवारपर्यंत सही द्या. नाहीतर मला लिहावं लागेल की त्या ऑपरेटरला आम्ही कामावरून कमी केलं. मला पर्याय नाही."

"लिहा," मंदा म्हणाली. "पण माझ्या सहीशिवाय लिहा."

घरी हरिश्चंद्रने सगळं ऐकून घेतलं. तो शांत माणूस, मीरा रोडच्या एका शाळेत शिपाई. तो म्हणाला, "करून टाक ना सही. तुझं नाव कोण वाचतंय तिथे?"

"नाव नाहीच आहे माझं. ऑपरेटर लिहिलंय."

"मग तर झालंच."

"चौदा वर्षांत माझं नाव एका कागदावर आलं नाही. पहिल्यांदा येणार ते चुकीखाली? आणि तीही मी न केलेली? नाही अहो. हे नाही होणार."

हरिश्चंद्रने ताटं मांडायला घेतली.

रविवारी सकाळी भाजी निवडून झाल्यावर ती तक्रारीसोबतचं ते पान घेऊन बसली. प्रधानांकडून तिने झेरॉक्स मागून घेतली होती. इंग्रजी तिला बोलायला जड जायचं, पण अशी पानं ती गेली चौदा वर्षं वाचत होती. पेशी काचेवर स्थिर केल्या. भोकं पाडून साखळी आत सोडली. एक तास ठेवलं. मग तीन वेळा धुतलं, दर वेळी पाच मिनिटं. मग मायक्रोस्कोपखाली घेतलं.

तिने ती ओळ परत वाचली. तीन वेळा धुतलं. तिने उठून पिशवीतून वही काढली, मे महिन्याचं पान उघडलं आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. जी क्षणभर धरून सोडणार म्हणून मुद्दाम बनवून घेतली, ती पंधरा मिनिटांच्या धुण्यात राहील कशी?

"अहो," तिने आतल्या खोलीकडे बघून हाक मारली, "यांनी माझी सगळी साखळी मोरीत ओतलीय."

सोमवारी ती सकाळीच गाळ्यावर गेली, स्वतःकडच्या चावीने फ्रीजर उघडला, बाटली बर्फाच्या डब्यात ठेवली आणि ठाण्याच्या बसला उभी राहिली. तिथून प्रधानांना फोन लावला.

"एकोणतीसची बाटली घेऊन संस्थेत निघालेय."

"कोणाला विचारून?"

"तुम्हाला सांगतेय ना."

"मंदाताई, परत या. हे असं चालत नाही."

"बस आली सर," ती म्हणाली. बस खरंच आली होती.

संस्थेच्या गेटवर वॉचमनने रजिस्टर पुढे केलं. 'येण्याचं कारण' या रकान्यात तिने लिहिलं: तक्रारीचं उत्तर. बऱ्याच वेळाने नीरज कर्णिक खाली आला. तिशीतला, दाढी वाढलेला, झोप न झालेला दिसत होता.

"बोला मावशी. प्रधान सरांनी लेटर पाठवलंय का?"

"मावशी नको. भुवड म्हणा. तुम्ही ज्याच्याबद्दल तक्रार केलीत ते पेप्टाइड मी बनवलंय."

तो जरा चपापला. "तुम्ही? बरं. पण हे बघा, मी पर्सनल काही म्हटलेलं नाही. रिझल्ट आला नाही, तो कळवला."

"तुम्ही तीन वेळा धुतलंत."

"हो, धुवावंच लागतं. मी सहा वर्षं अँटिबॉडीवर काम केलंय. न धुतलं तर जास्तीचा रंग तसाच राहतो, मग काही दिसत नाही."

"अँटिबॉडी घट्ट धरते. ही धरत नाही. तुमच्याच बाईंनी तशी मागितली होती." तिने वही उघडून पुढे केली आणि मागच्या पानाला टाचलेली ती ईमेलही दाखवली. "तुम्ही जे धुऊन फेकलंत ना, त्यात होती माझी साखळी."

नीरजने ईमेल उभ्याउभ्याच वाचली. "मॅडमनी मला सांगितलं होतं हे," तो हळू म्हणाला. "पण आधी नेहमीसारखं करून बघावं म्हटलं, निदान पट्टा तरी दिसेल." मग त्याला काही आठवल्यासारखं झालं. "तरी न धुता चालणार नाही. सगळ्या पाण्यातच रंग असेल तर पडदा पांढरा फटक होईल."

"मग कमी घाला. कितीने कमी ते तुम्ही सांगा, मी नाही शिकलेली तेवढं. पण थोड्या साखळ्या पाण्यात राहू द्या, येऊ द्या, जाऊ द्या."

त्याने ईमेल परत दिली. मग म्हणाला, "मशीन आज बुक आहे. मॅडम पण परदेशात आहेत. पुढच्या आठवड्यात करून बघतो आणि कळवतो."

"पुढच्या आठवड्यात माझी नोकरी नसेल. मी बसते इथेच."

आणि ती बसली. लॅबच्या बाहेर बाकड्यावर, मांडीवर बर्फाचा डबा घेऊन. येणारी-जाणारी मुलं बघत होती. कोणीतरी विचारलं, कुरिअर का? ती म्हणाली, "नाही." बारा वाजता तिने पिशवीतला जेवणाचा डबा उघडून पोळी-भाजी खाल्ली. एकला नीरज बाहेर डोकावून गेला. दोनला पुन्हा आला आणि म्हणाला, "तीन वाजताचा स्लॉट एकाने सोडलाय. चला."

पेशी त्याच्याकडे तयार होत्या. या वेळी त्याने साखळी हजारपटीने पातळ केली आणि ते पाणी काचेवर तसंच राहू दिलं. मायक्रोस्कोपची खोली अंधारी होती. लेसर त्याने असा तिरका लावला की उजेड फक्त काचेलगतच्या पातळ थरात पडावा. म्हणजे वर पाण्यात तरंगणाऱ्या साखळ्या अंधारात राहतील आणि खाली बसतील तेवढ्याच चमकतील.

पडदा काळा होता. थोडा वेळ तो काळाच राहिला. नीरजने स्टूल पुढे ओढलं, काहीतरी फिरवलं. मग एका कोपऱ्यात एक ठिपका पेटला आणि विझला. दुसरा त्याच्या खाली पेटला. मग इकडे तिकडे, दहा, वीस, एक विझतोय तोवर दुसरा.

"हा एक ठिपका म्हणजे किती साखळ्या?" मंदाने विचारलं.

"एक. एकच रेणू."

ती पडद्याकडे आणखी झुकली. चौदा वर्षं तिने त्या बनवल्या होत्या, एका चिमटीत कोट्यवधी, आणि सुटी अशी एक कधी पाहिली नव्हती. पण डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही. शुक्रवारपासून तिच्या आत जो राग बसला होता, तो तसाच होता. उलट आता त्याला पाठीशी पुरावा मिळाला होता.

वीस मिनिटांत दहा हजार फोटो झाले. कॉम्प्युटरने ते मांडायला तासभर घेतला. तेवढ्यात नीरजने तिच्यासाठी चहा मागवला. चित्र तयार झालं तेव्हा त्याने डावीकडे नेहमीच्या मायक्रोस्कोपचा फोटो ठेवला आणि उजवीकडे हा. डावीकडे एक जाड धूसर पट्टा होता. उजवीकडे त्याच जागी पाच धागे होते, वेगवेगळे. एक दुसऱ्याला ओलांडून जात होता, तेही दिसत होतं.

नीरज खुर्चीत मागे टेकला. "महिना घालवला मी यात," तो म्हणाला. "सॉरी, भुवड मॅडम. मी आज प्रधान सरांना फोन करतो."

"फोन नको. तक्रार लेटरहेडवर आली होती."

"पण मॅडम आल्याशिवाय..."

"तक्रारीवर सही तुमची होती. हिच्यावरही तुमची चालेल."

त्याने तिच्याकडे बघितलं आणि कीबोर्ड ओढला. 'गैरसमजामुळे सदर तक्रार करण्यात आली होती, ती मागे घेत आहोत.' छापलेला कागद तिने वाचला आणि परत दिला.

"गैरसमज नाही. कशामुळे झालं ते लिहा."

"काय फरक पडतो?"

"गैरसमज म्हटलं की दोघांचा वाटतो. माझा नव्हता."

दुसऱ्या कागदावर लिहिलं होतं: 'आमच्या धुण्याच्या चुकीच्या पद्धतीमुळे.' तो तिने घडी न घालता वहीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी गाळ्यावर प्रधानांनी तो दोनदा वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. "वा, मंदाताई. छान झालं. चला, लागा कामाला." पत्र त्यांनी फाइलमध्ये लावलं आणि टेबलावरचा तो टाइप केलेला खुलासा चुरगाळून टोपलीत टाकला.

मंदा तिथेच उभी होती.

"आता काय?"

"बॅचच्या कागदावर 'बनवणार' म्हणून तुमचं नाव असतं. चूक झाली की मात्र ऑपरेटरचं. यापुढे बनवणार म्हणून माझं नाव लिहायचं."

प्रधान हसले, मग हसायचे थांबले. "अहो, गिऱ्हाईक डिग्री बघतं. तुमच्यापुढे काय लिहू मी?"

"जे आहे ते. बारावी सायन्स."

"असं कुठे असतं का?"

मंदाने कमरेची चावी काढली आणि टेबलावर ठेवली. "मग उद्यापासून तुम्ही बनवा. नाव तुमचंच आहे."

ती दोन दिवस घरी बसली. डबा भरताना दोन्ही दिवस हरिश्चंद्र स्वयंपाकघरात उगाच घुटमळला. तिलाही आतून भीती होतीच. पंचेचाळिसाव्या वर्षी बारावीवर दुसरं काम कोण देणार होतं? तरी तिने फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी प्रधानच इंद्रलोकमध्ये आले, तिच्या बिल्डिंगचा नंबर विचारत विचारत. त्यांनी एकट्याने एक साखळी लावायला घेतली होती आणि सहाव्या कडीला मणी निळेच येत होते, काही केल्या पिवळे होईनात. ते खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि खिशातून नवा छापलेला कोरा कागद काढून दाखवला. 'बनवणार: मंदा हरिश्चंद्र भुवड, बारावी सायन्स.' 'तपासणार: शशिकांत प्रधान, एमएस्सी.'

"चालेल?" त्यांनी विचारलं.

"तपासणार हे बरोबर लिहिलंत," ती म्हणाली आणि चप्पल घातली.

मृणालिनीबाई परदेशातून परतल्यावर त्यांनी मंदाला फोन केला, मनापासून बोलल्या. ते पाच धाग्यांचं चित्र पुढे त्यांनी एका परिषदेत पोस्टरवर लावलं. खाली आभारात कंपनीचं नाव होतं, मंदाचं नव्हतं. ते तिला खटकलं, आणि तिने ते बाईंना स्पष्ट सांगितलंही. बाई म्हणाल्या, पुढच्या वेळी नक्की. त्या गोष्टीवर मंदाचा फारसा भरवसा बसला नाही.

पण संस्थेच्या ऑर्डरी आता थेट तिच्या नावाने यायला लागल्या. डिसेंबरमध्ये नीरजने एका दुसऱ्या प्रोटीनसाठी साखळी मागवली. मंदाने कड्यांचा क्रम वाचला, पेनने दोनदा मोजला आणि त्याला फोन लावला.

"कर्णिक सर, यात सलग सहा कड्या पाण्याला न मानणाऱ्या आहेत. ही विरघळणार नाही."

"कॉम्प्युटरवर तर ठीक दाखवतंय," नीरज म्हणाला.

"तुम्ही म्हणाल तर बनवते. पण गाळ खाली बसला तर पत्र तुमच्याच पत्त्यावर पाठवा. नाहीतर दोन कड्या बदला. कुठल्या ते सांगू का?"

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "सांगा," नीरज म्हणाला. "लिहून घेतो."